माइक घेण्याआधी खोली ऐका

पाच हजारांत चांगला माइक कोणता, असं कुणी विचारलं की मी आधी उलट प्रश्न करतो: रेकॉर्डिंगच्या वेळी डोक्यावर पंखा चालू असतो का? एप्रिल-मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये दारं-खिडक्या लावून, पंखाही बंद करून तासभर बोलत बसणं कठीण, त्यामुळे उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असंच येतं. पंखा चालू आहे, खाली रिक्षांची वर्दळ आहे, शेजारी कुकर लावलाय, अशा खोलीत माइकच्या खोक्यावर छापलेल्या निम्म्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. तिथे तीन हजारांचा माइक चांगला वाजू शकतो आणि वीस हजारांचा वाईट. असं का होतं ते एकदा समजलं की खरेदी फार सोपी होते.

आधी अंतर

माइक म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार विजेच्या चढउतारात बदलणारं यंत्र. तुमचा आवाज हवा आहे आणि पंख्याचा नको आहे, हे त्याला कळायला काही मार्ग नाही. जो आवाज त्याच्यापर्यंत मोठा पोचेल तो मोठा उमटेल.

तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने वाढते. समजा माइक दोन विती, म्हणजे ४० सेंटीमीटर लांब आहे. तो अर्ध्या वितीवर, १० सेंटीमीटरवर आणला, तर अंतर दोनदा निम्मं झालं आणि आवाज १२ डेसिबलने वाढला. पंखा मात्र माइकपासून जवळजवळ होता तेवढाच दूर आहे आणि भिंतींवर आपटून परतणारा घुमाराही तेवढाच आहे. आता गेन, म्हणजे माइकचा संकेत किती मोठा करायचा ते ठरवणारा नॉब, १२ डेसिबलने उतरवा. तुमचा आवाज पूर्वीच्याच पातळीवर येईल, पण पंखा आणि घुमारा १२ डेसिबलने खाली गेलेले असतील. नुसता महाग माइक आणून, तो पुन्हा दोन विती लांब ठेवून, एवढा फरक मिळणार नाही.

जवळ बोलण्याचे दोन परिणाम मात्र सांभाळावे लागतात. एका दिशेने ऐकणाऱ्या माइकच्या अगदी जवळ गेलं की आवाजातला खर्ज फुगतो. रेडिओवरच्या निवेदकांच्या भरदारपणात याचा मोठा वाटा असतो. पण आवाज मुळातच जाड असेल तर शब्द गुरगुरल्यासारखे येतात. मग दोन-चार बोटं मागे सरकायचं. दुसरा परिणाम श्वासाच्या झोताचा. मराठीत प, ब यांच्या जोडीला फ, भ, ख, थ, ठ ही महाप्राण व्यंजनं पदोपदी येतात. ‘फक्त’, ‘भरपूर’, ‘पहिल्यांदा’ असे शब्द थेट समोर धरलेल्या माइकवर धप्पकन आदळतात. पॉप फिल्टर, म्हणजे तोंड आणि माइक यांच्यामध्ये धरायची जाळी, लावायचाच, पण त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे माइक ओठांच्या समोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याशी ठेवून तोंडाकडे वळवायचा. तळहात तोंडासमोर धरून ‘फ’ म्हणून पाहा, मग तोच हात गालाच्या रेषेत बाजूला नेऊन पुन्हा म्हणा. झोत सरळ पुढे जातो आणि आवाज सगळीकडे पसरतो, हे हातालाच कळेल.

डायनॅमिक की कंडेन्सर

डायनॅमिक माइकमध्ये पातळ पडद्याला बारीक तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते लोहचुंबकाच्या फटीत हलतं. पडदा हलला की वेटोळं हलतं आणि त्यातून वीज निर्माण होते. बाहेरून वीज द्यावी लागत नाही आणि आदळआपट झाली तरी असा माइक सहसा चालत राहतो. शुअरचा एसएम५८ हा या जातीतला सगळ्यांत ओळखीचा. १९६६ पासून तो विकला जातो आहे. आपल्याकडे गणपतीच्या मांडवात किंवा सत्कार समारंभात दिसणारा गोल जाळीचा माइक बरेचदा आहुजाचा असतो, पण तत्त्व तेच.

कंडेन्सरमध्ये अतिशय पातळ पडदा आणि त्याच्या मागे एक स्थिर पट्टी असते. पडदा हलला की दोघांतलं अंतर बदलतं आणि त्या बदलातून संकेत तयार होतो. पडद्यावर वेटोळ्याचं ओझं नसल्यामुळे तो चपळ असतो. ‘स’ आणि ‘श’ची धार, पेटीच्या सुरातली वरची झळाळी, तबल्याच्या चाटेवरचा टणत्कार तो बारकाईने टिपतो. त्याला वीज मात्र लागते. माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, ती ४८ व्होल्टने पुरवतो, तिला फँटम पॉवर म्हणतात. यूएसबी माइक असेल तर ती कॉम्प्युटरच्या केबलमधून येते. १९६२ साली बेल लॅब्जमध्ये गेऱ्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी विद्युतभार कायम धरून ठेवणाऱ्या फॉइलचा इलेक्ट्रेट माइक तयार केला आणि पुढे कंडेन्सर स्वस्त होत गेले. शर्टला लावायचे कॉलर माइक त्याच कुळातले.

‘डायनॅमिक खोलीचा आवाज घेत नाही, कंडेन्सर सगळंच घेतो’ हे वाक्य जिथेतिथे ऐकू येतं. ते जसंच्या तसं खरं नाही. दोन्ही जातींचे, एकाच दिशेने ऐकणारे माइक तोंडापासून सारख्याच अंतरावर ठेवा, आवाजाची पातळी सारखी करा आणि ऐका. पंखा दोन्हींत जवळपास सारखाच येईल. खरा फरक पडतो तो वापरण्याच्या पद्धतीमुळे. १ पास्कल दाबाला ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा कंडेन्सर १४.१ मिलिव्होल्टचा संकेत देतो आणि एसएम५८ देतो १.८५ मिलिव्होल्टचा. साडेसात पटींचा फरक. त्यामुळे डायनॅमिकवर बोलणारा आपोआप माइकला तोंड लावून बोलतो, आणि कंडेन्सरवाला तो टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवून खुर्चीत मागे रेलतो. डायनॅमिकची वरच्या सुरांची पट्टी थोडी मंद असते, त्यामुळे सळसळ कमी जाणवते, एवढा भाग खरा. बाकी सगळी करामत जवळिकीची.

तरीही साध्या घरात बोलण्याचं रेकॉर्डिंग करणाऱ्याला मी पहिला माइक डायनॅमिकच सुचवतो. तो जवळ बोलायची शिस्त लावतो आणि ‘स’ची धार जरा बोथट करून नवख्याच्या चुका पोटात घालतो.

त्याची किंमत गेनमध्ये मोजावी लागते. मोठमोठ्या पॉडकास्टमध्ये दिसणारा शुअर एसएम७बी अवघा १.१२ मिलिव्होल्ट देतो आणि त्याला सुमारे ६० डेसिबल गेन लागतो. घराघरांत असलेल्या फोकसराइट स्कारलेट सोलोच्या तिसऱ्या पिढीच्या इंटरफेसची गेनची मर्यादा ५६ डेसिबल आहे. म्हणजे नॉब शेवटपर्यंत फिरवूनही आवाज पडेल राहतो, मग मध्ये बसवायचा वेगळा बूस्टर घ्या, असं खर्चाचं शेपूट लांबत जातं. माइक उत्तमच आहे. पण कमी पैशांत काम करायचं असेल तर या वाटेला जाऊ नये.

यूएसबी, एक्सएलआर आणि एक फसवं किट

यूएसबी माइकच्या पोटातच इंटरफेस असतो. केबल लावली की काम सुरू. एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या केबलने जोडायच्या माइकला इंटरफेस वेगळा घ्यावा लागतो, पण पुढे माइक बदलता येतो, दुसरा जोडता येतो. एकटा माणूस बोलणार असेल तर यूएसबी पुरतं. दोन माणसं समोरासमोर बसणार असतील तर दोन यूएसबी माइक एकाच कॉम्प्युटरला लावून वेगवेगळ्या ट्रॅकवर घेण्याच्या फंदात पडू नका. मॅकवर ते जमवता येतं, विंडोजवर फार कटकटीचं होतं. दोन एक्सएलआर डायनॅमिक आणि दोन माइक घेणारा इंटरफेस हा सरळ मार्ग.

सॅमसन क्यू२यू, ऑडिओ-टेक्निकाचा एटीआर२१००एक्स आणि फिफाइन एएम८ या डायनॅमिक माइकना दोन्ही तोंडं आहेत. आज यूएसबीवर सुरू करायचं, उद्या इंटरफेस आला की तोच माइक एक्सएलआरने जोडायचा. मला हा प्रकार सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. मात्र एक्सएलआरवर गेलं की माइकवरची हेडफोनची सोय बंद होते, ती यूएसबीपुरतीच असते.

बीएम-८०० या नावाने विकलं जाणारं किट मात्र नीट समजून घ्या. स्टँड, फिल्टर, स्पंजची टोपी असं सगळं स्वस्तात मिळतं आणि माइक दिसायला स्टुडिओतला वाटतो. सोबतच्या केबलचं एक टोक लॅपटॉपच्या ३.५ मिलिमीटरच्या खाचेत जातं. ती खाच जेमतेम काही व्होल्ट देते. असा माइक ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरसाठी बनवलेला असेल तर आवाज बारीक येतो, मागे सतत ‘स्स्स’ ऐकू येतं आणि लोक माइकला दोष देतात. फँटम पॉवरचा डबा आणि बरा इंटरफेस जोडेपर्यंत एका साध्या यूएसबी माइकची किंमत निघून जाते.

माइकची पाठ कुठे आहे?

बहुतेक स्वस्त माइक कार्डिऑइड असतात: समोरून सगळ्यांत जास्त ऐकतात, बाजूने ६ डेसिबल कमी आणि नेमकं मागून सगळ्यांत कमी. इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. एसएम५८ किंवा क्यू२यू यांच्या टोकाशी बोलायचं असतं, आयस्क्रीमच्या कोनासारखं. एटी२०२० किंवा ब्लू यती यांच्याशी कुशीकडून बोलायचं असतं, जिथे कंपनीचं चिन्ह आहे त्या बाजूने. यतीचं टोक तोंडाकडे वळवून बोलणारे व्हिडिओत सर्रास दिसतात. त्यांचा आवाज पातळ आणि लांबून आल्यासारखा येतो. यतीमध्ये तीन कॅप्सूल आणि चार दिशा-पर्याय आहेत, तेव्हा मागचा नॉब हृदयाच्या आकाराच्या, म्हणजे कार्डिऑइडच्या चिन्हावर आहे ना, तेही पाहा. समोरासमोर बसून एकाच माइकवर मुलाखत घ्यायची असेल तरच आठाच्या आकड्याचं चिन्ह निवडा.

आता पंखा. माइक टेबलावरच्या छोट्या स्टँडवर उभा करून वर तोंडाकडे वळवला, तर त्याचं तोंड तुमच्या मागच्या छताकडे असतं. तोच माइक बूम आर्मवर, म्हणजे टेबलाला अडकवायच्या वळत्या दांड्यावर टांगून डोळ्यांच्या उंचीवरून खाली ओठांकडे झुकवला, तर त्याची पाठ छताकडे जाते आणि पंख्याचा थेट येणारा आवाज घटतो. पंखा पूर्ण जात नाही, कारण त्याचा आवाज भिंतींवरूनही येत असतो, पण फरक कानाला कळतो. शिवाय आर्ममुळे टेबलावर ठेवलेल्या कपाचे आणि टायपिंगचे धक्के माइकमध्ये शिरत नाहीत.

बोया बीवाय-एम१ हा कॉलर माइक हजाराच्या आसपास मिळतो आणि व्याख्यानं, शिकवणी, शेतात उभं राहून केलेले व्हिडिओ यांत त्याने खूप काम केलं आहे. ६ मीटरची वायर, फोनला सरळ लागतो. फोन आणि कॅमेरा यांसाठी त्यावर एक स्विच आहे, तो चुकीच्या बाजूला राहिला तर आवाज नीट येत नाही किंवा आतला सेल संपतो. तो सगळ्या दिशांनी ऐकतो हेही लक्षात ठेवा. खोलीचा सारखाच घुमारा घेताना कार्डिऑइड १७ सेंटीमीटरवर ठेवता येतो, तर असा माइक १० सेंटीमीटरवर आणावा लागतो. म्हणून मोकळ्या रानात तो छान वाटतो आणि रिकाम्या हॉलमध्ये घुमतो. वाऱ्यासाठी केसाळ टोपी वेगळी घ्या.

कुणी काय घ्यावं

गेम स्ट्रीम करणाऱ्याचा शत्रू कीबोर्ड. माइक कीबोर्डच्या पलीकडे असेल तर कळांचा आवाज तोंडाच्या आधी पोचतो. बाजूने आर्मवर आणलेला दुतोंडी डायनॅमिक इथे उत्तम. बजेट दोन ते चार हजारांचं असेल तर फिफाइनच्या के६६९सारखा लहान यूएसबी कंडेन्सरही चालेल, फक्त तो तोंडाजवळ आणायचा. हेडफोन अनिवार्य, आणि तोही वायरचा. ब्लूटूथ इअरबडचा माइक सुरू झाला की नेहमीच्या जोडणीत आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झच्या टेलिफोनी दर्जावर उतरतो. ओबीएस हे स्ट्रीमिंगचं मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात नॉइज सप्रेशन आहेच. नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी सोय, मात्र जपून लावा. मराठी वाक्याच्या शेवटी ‘आहे’ म्हणताना आपला आवाज खाली जातो, आणि कडक गेट नेमका तो शब्द गिळतो. त्याऐवजी हळू आवाज एकदम न तोडता नुसता कमी करणारा एक्सपांडर सौम्यपणे लावला तर शेवट तुटत नाही.

पॉडकास्ट आणि कथा-वाचनाला शांतता जास्त लागते, कारण ऐकणाऱ्याच्या कानात हेडफोन असतो. ऑडिओबुकसाठीच्या एसीएक्स या व्यासपीठाचा नियम इथे चांगला मापदंड आहे: कुणी बोलत नसताना पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली हवी (इथे शून्य म्हणजे रेकॉर्डिंगची कमाल पातळी). अर्धा मिनिट गप्प बसून रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पातळी पाहा. आकडा उणे ४५च्या आसपास घुटमळत असेल तर आधी फ्रीज, पंखा आणि अंतर यांकडे बघा. दोघं बोलत असतील तर दोन माइकमधलं अंतर तोंड ते माइक या अंतराच्या किमान तिप्पट ठेवा, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये फार शिरणार नाही.

घरी गाणं आणि वाद्यं रेकॉर्ड करायची असतील तर माझं मत बदलतं. तिथे कंडेन्सरच हवा, आणि त्यासाठी खोलीवर मेहनत घ्यायची तयारीही हवी. एटी२०२० एक्सएलआर आणि साधा इंटरफेस ही जोडी वर्षानुवर्षं टिकते. शास्त्रीय गायकाचा आवाज मंद्रातून तारसप्तकात जाताना पातळी प्रचंड बदलते, म्हणून माइक एक-दीड वीत लांब ठेवा आणि सगळ्यांत मोठ्या तानेवर गेन ठरवा. पेटीचा माइक भात्याच्या बाजूला लावला तर हवेचा फसफसाट येतो. तो वरून, दीड-दोन फुटांवर, सुरांच्या बाजूला झुकवून लावा. बासरीला फुंकरीच्या रेषेतून बाजूला, फुंकण्याचं भोक आणि बोटांची भोकं यांच्या मधल्या भागावर रोखा. तबल्याची थाप डायनॅमिकवरही छान येते.

खोक्यावरचे आकडे

‘१९२ किलोहर्ट्झ’, म्हणजे सेकंदाला आवाजाची १९२ हजार मोजमापं, हे आकर्षक दिसतं. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि त्यासाठी ४४.१ किंवा ४८ पुरे आहेत. बोलण्यासाठी त्याहून जास्त पैसे देऊ नका. २४ बिट, म्हणजे प्रत्येक मोजमापाची बारकाई, मात्र उपयोगी, कारण पातळी जरा खाली ठेवून निर्धास्त रेकॉर्ड करता येतं. आवाजाची शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहिली की झालं.

सेल्फ-नॉइज म्हणजे माइकची स्वतःची खसखस. एटी२०२०ची २० डेसिबल, रोड एनटी१-एची अवघी ५. कागदावर मोठा फरक. पण पंखा चालू असलेल्या खोलीतला गोंगाट ४० डेसिबलच्या पुढे असतो, त्यापुढे हे दोन्ही आकडे झाकले जातात. रात्री दोन वाजता, पंखा बंद करून हळू आवाजात कथा वाचणाऱ्यालाच रोडचे जास्तीचे पैसे ऐकू येतील.

ज्यासाठी पैसे द्यावेत ती सोय म्हणजे माइकवरच असलेली हेडफोनची खाच. कॉम्प्युटरमधून फिरून आलेला स्वतःचा आवाज क्षणभर उशिरा ऐकू येतो आणि बोलताना जीभ अडखळते. माइकवरून थेट ऐकलं की तो उशीर राहत नाही.

गोधड्या, चार्जर आणि पावसाळा

खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. मागे ‘टर्रर्र’ असा धातूसारखा आवाज आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत आहेत. फरशी, गुळगुळीत प्लास्टर, काचा, असंच आपलं घर असतं. लोक माइकच्या मागे पातळ फोमचे तुकडे चिकटवतात. पण कार्डिऑइडची पाठ आधीच बहिरी असते. तो पाहत असतो तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडे. तेव्हा पहिलं अंथरूण तिथे टांगा. एक इंचाचा फोम फक्त वरचे सूर शोषतो आणि आवाज डब्यात बसल्यासारखा होतो. दोन जाड गोधड्या दोरीवर, भिंतीपासून वीतभर सोडून, दुहेरी टांगल्या तर त्या खालच्या सुरांनाही बऱ्यापैकी आवर घालतात. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीशी असेल तर आणखी उत्तम.

‘हूंऽऽ’ अशी सलग घरघर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. अर्थिंग नसलेल्या जोडणीतून तिची घरघर माइकच्या संकेतात मिसळते.

कोकणात, गोव्यात आणि मुंबईत कंडेन्सरला पावसाळा सोसत नाही. पडद्यावर दमटपणा बसला की मधूनच चटचट ऐकू यायला लागतं. जून ते सप्टेंबर काम झालं की माइक घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. डायनॅमिकला एवढी बडदास्त लागत नाही.

विकत घेताना एसएम५८ संशयास्पद स्वस्तात दिसला तर लांब राहा, त्याच्या नकला जगभर विकल्या जातात. परत करण्याची मुदत असेल तर तिचा उपयोग करा. नवा माइक आणि हाताशी असलेला फोन दोन्ही अर्ध्या वितीवर धरून एकच परिच्छेद वाचा, आणि ऐकण्याआधी दोन्ही रेकॉर्डिंगची पातळी सारखी करून घ्या. जे जरा मोठ्याने वाजतं ते कानाला चांगलं वाटतं, त्यामुळे पातळी न जुळवता केलेल्या तुलनेत जास्त जोरात वाजणारा माइक उगाचच जिंकतो.